रो-हाउसमध्ये शेजारच्या घरातले आवाज येतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पाथर्डी फाट्याजवळ रो-हाउस घेतलं, पावसाळ्यात राहायला आलात, आणि थंडी पडल्यापासून शेजारच्यांचा जिना, पहाटे साडेपाचची घरघंटी आणि रात्रीचा टीव्ही यांनी झोपेचं खोबरं झालंय. भिंतीला फोम लावू की पोलिसांत जाऊ, असा प्रश्न आहे. आत्ता दोन्ही नको. आवाज तुमच्यापर्यंत कुठल्या वाटेने येतोय ते आधी शोधा, कारण त्यावरच पुढचं सगळं ठरतं. मी इंदिरानगरला रो-हाउसमध्येच राहतो आणि माझं कामही बांधकामाच्या साइटवरचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

थंडीतच त्रास का वाढला? पंखा बंद झाला म्हणून. उन्हाळ्या-पावसाळ्यात पंख्याची घरघर बारीकसारीक आवाज झाकून टाकते. नाशिकच्या डिसेंबरात पंखा बंद, खिडक्या बंद, बाहेर सामसूम, मग पलीकडे भांडं पडलं तरी दचकायला होतं. शेजाऱ्यांनी नवीन काहीच सुरू केलेलं नसतं. त्यांच्याशी बोलायला जाताना हे डोक्यात असू द्या, सूर आपोआप बदलतो.

आता वाट शोधायची. रात्री त्रास होत असताना कॉमन भिंतीपाशी उभे राहा. पलीकडचे शब्द कळत असतील, म्हणजे बातम्यांतली वाक्यंसुद्धा समजत असतील, तर आवाज हवेतून, कुठल्या तरी फटीतून किंवा पातळ भिंतीतून येतोय. शब्द कळत नाहीत, नुसतं धप्‌धप्‌ किंवा घूं ऐकू येतं आणि भिंतीवर तळवा ठेवला की बारीक थरथर जाणवते, तर तो बांधकामातून येतोय. स्लॅब, बीम, जिन्याच्या पायऱ्या हे सगळं दोन्ही घरांत एकसंध असतं.

आपल्याकडच्या बहुतेक रो-हाउसचे प्लॅन आरशातल्यासारखे उलट-सुलट असतात. तुमच्या जिन्याला त्यांचा जिना लागून, ओट्याला ओटा लागून. बिल्डरला पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी एकत्र घेता येतात, म्हणून सोयीचं. पण मग दोघांच्या पायऱ्या त्याच भिंतीत टेकवलेल्या आणि दोघांच्या ओट्याचे कडप्पे त्याच भिंतीत घुसवलेले. त्यांनी ओट्यावर खलबत्त्यात लसूण ठेचला की ठोका कडप्प्यातून भिंतीत आणि भिंतीतून तुमच्या बेडरूमपर्यंत जातो. त्या भिंतीला तुमच्या बाजूने काहीही लावा, स्लॅब आणि बाजूच्या भिंतींतून तो येतच राहणार. अशा आवाजाचा इलाज जिथे तो जन्मतो तिथेच, म्हणजे शेजाऱ्यांच्या घरात.

घरघंटीचं अगदी तेच आहे. आमच्या शेजारच्या काकूंची घरघंटी जिन्याखाली, पाठ भिंतीला टेकवून ठेवलेली होती. मी संध्याकाळी बायकोसोबत गेलो, चहा झाला, मग म्हणालो, "काकू, जरा आमच्याकडे येता का? घरघंटी चालू ठेवून या." त्या आल्या आणि आमच्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. पुढे मला काही समजवावं लागलंच नाही. घरघंटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली, चारही पायांखाली वॉशिंग मशीनला घालतात तसले जाड रबरी पॅड घातले. आवाज पूर्ण गेला नाही, पण थरथर गेली, आणि झोप मोडत होती ती थरथरीने. पॅड मीच घेऊन गेलो होतो. तुम्हीही तेच करा. शेजाऱ्याला खर्चात आणि खटपटीत पाडायचं नाही, वस्तू हातात घेऊन जायचं.

आणि "तुमचा फार आवाज येतो" असं कधीच म्हणू नका. ते माणसाला आपल्या राहणीवरचं बोट वाटतं. "घरघंटी सहानंतर लावाल का" हे जमण्यासारखं मागणं आहे. जिन्यासाठी पायऱ्यांवर रबरी मॅट चिकटवता येतात, दाराच्या चौकटीला रबरी पट्टी लावता येते. पाण्याची मोटर कॉमन भिंतीवर क्लॅम्पने ठोकलेली असेल तर ती खाली जमिनीवर पॅडवर घ्यायची आणि पाइपचा एक तुकडा लवचीक घालायचा, प्लंबरचं छोटं काम आहे. लहान मुलं जिन्यावरून पळणारच, त्यावर मात्र काही बोलू नका.

टीव्हीचं वेगळं. शब्द कळत असतील तर फट शोधा. हमखास सापडणारी जागा म्हणजे स्विचबोर्ड. कन्सील्ड वायरिंगचे दोन्ही घरांचे बोर्ड नेमके पाठीला पाठ आले असतील, तर मध्ये भिंत अशी उरतच नाही. इलेक्ट्रिशियनला मेन बंद करून बोर्ड उघडायला सांगा आणि डब्याच्या मागे-बाजूला सिमेंटचा माल भरून घ्या. दुसरी जागा म्हणजे भिंतीचा माथा, बीमखालचा सांधा. तिथे गिलाव्याला आडवी चीर दिसत असेल तर भरून घ्या. शेजाऱ्यांचा टीव्ही कॉमन भिंतीवर खिळलेला असेल तर तो समोरच्या भिंतीवर हलवणं सगळ्यात स्वस्त.

फोमचे तुकडे आणि अंड्यांचे ट्रे यांवर एक रुपयाही घालवू नका. ते खोलीतला घुमारा कमी करतात, पलीकडचा आवाज अडवत नाहीत. आवाज अडतो तो वजनाने. दोन्हीकडून गिलावा केलेली नऊ इंची विटेची भिंत बोलण्याचा आवाज चांगला अडवते. चार इंची किंवा हलक्या ब्लॉकची असेल तर कमी. भिंत खरंच पातळ निघाली, तर तिला न टेकणारी वेगळी फ्रेम, आत रॉकवूल (दगडापासून केलेली लोकरीसारखी दाट गादी), वर जिप्सम बोर्डाचे दोन थर आणि कडा सीलबंद, असं करावं लागतं. खोलीतले चार-पाच इंच जातात आणि खर्चही बराच होतो. टीव्हीसाठी उपयोगी, जिन्याच्या धपधपीला फारसं नाही.

आता पोलिसांचं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र म्हणजे १० ते ६. खाजगी साउंड सिस्टिमचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जायला नको. कुणी गच्चीवर रात्री अकराला स्पीकर लावला, तर बिनधास्त ११२ ला फोन करा, तो तुमचा हक्क आहे. पण शेजारची घरघंटी आणि पावलं या आकड्यांपर्यंत सहसा पोचत नाहीत. झोप मोडायला त्याहून कितीतरी कमी आवाज पुरतो. तक्रार केलीत तर हवालदार येऊन दोघांना समज देऊन जाईल आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारी पॅड घालू देणार नाहीत. ज्यांच्याशी भिंत वाटून घ्यायची आहे त्यांच्याशी एवढं वैर परवडत नाही.

या रविवारी आधी घरघंटीचं बघा. ते झालं की जिना आणि टीव्ही किती उरतात ते इथेच कळवा. कॉमन भिंत किती इंची आहे आणि तुमचे बोर्ड कुठे आहेत तेही लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.