'ब्रिमफुल ऑफ आशा'च्या पलीकडचा कॉर्नरशॉप

आपण विचारले आहे की आशा भोसले यांचे नाव घेणारे ते एक गाणे सोडले, तर कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडने आणखी काय केले, त्यांचा आवाज काळानुसार कसा बदलत गेला आणि ऐकायला सुरुवात कुठून करावी. १९९८ साली ते गाणे दूरचित्रवाणीवर वारंवार लागत असे तेव्हापासून मी हा बँड ऐकत आलो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. कॉर्नरशॉपने शैली अनेकदा बदलली, पण एकच ठेका किंवा एकच सूर धरून त्यावर गाणे उभे करण्याची त्यांची रीत सहसा सुटली नाही. खरा बदल झाला तो त्यांच्या रागाच्या बाबतीत. सुरुवातीला तो गोंगाटातून बाहेर पडत होता, पुढे तो ठेक्यात मुरला.

आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असलेले 'ब्रिमफुल ऑफ आशा' हे बँडने वाजवलेले मूळ गाणे नव्हेच. मूळ गाणे १९९७ च्या ऑगस्टमध्ये आले आणि ब्रिटनच्या विक्री-यादीत साठाव्या क्रमांकाच्या वर गेले नाही. ते संथ आहे, गिटारच्या मोजक्या सुरांभोवती फिरत राहणारे आहे आणि तिंदर सिंग ते जवळजवळ बोलल्यासारखे गातात. नॉर्मन कुक, म्हणजे फॅटबॉय स्लिम या नावाने प्रसिद्ध असलेला डीजे, याने त्याची गती आणि पट्टी दोन्ही वाढवली, खाली दणदणीत ढोल घातले, आणि ते रूप १९९८ च्या फेब्रुवारीत थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पडद्यामागून गाणाऱ्या गायिकेविषयीच्या गाण्यात गाणारा बँडच दुसऱ्याच्या कामामागे झाकला गेला, याची गंमत वाटते, पण त्यात बँडचे नुकसानही झाले, कारण जगाने त्यांना एका नाचाच्या गाण्याचे धनी ठरवून टाकले.

आता मुळाकडे जाऊ. तिंदर सिंग यांचा जन्म १९६८ साली वुल्व्हरहॅम्प्टनमधल्या पंजाबी शीख कुटुंबात झाला. याच शहराचे खासदार इनॉक पॉवेल यांनी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केले होते, त्यामुळे सिंग कोणत्या हवेत वाढले असतील याची कल्पना करता येते. प्रेस्टनला शिकत असताना त्यांची बेन एअर्स यांच्याशी गाठ पडली, तिथे दोघांनी जनरल हॅवक नावाचा बँड काढला, आणि १९९१ च्या सुमारास लेस्टरमध्ये त्यातूनच कॉर्नरशॉप उभा राहिला. सोबत तिंदर यांचे भाऊ अवतार आणि ड्रमवर डेव्हिड चेंबर्स होते. लेस्टर हे १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या भारतीयांपैकी अनेकांनी नव्याने संसार मांडलेले शहर. आशियाई माणूस म्हणजे नाक्यावरचा दुकानदार, हा ब्रिटनमधला ठरलेला समज, आणि बँडने तोच उचलून आपल्या पाटीवर लावला.

१९९२ साली मॉरिसी या गायकाने लंडनच्या एका कार्यक्रमात ब्रिटिश झेंडा अंगाभोवती मिरवला, त्याआधीही आशियाई माणसांविषयी त्याने लिहिलेल्या ओळी अनेकांना खटकल्या होत्या. तेव्हा कॉर्नरशॉपच्या मंडळींनी लंडनमध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या कचेरीबाहेर मॉरिसीचे चित्र जाळले. ज्याची गाणी ऐकत इंडी (मोठ्या कंपन्यांबाहेरचे गिटार-संगीत) ऐकणारी एक पिढी मोठी झाली होती, त्याचेच चित्र जाळणे ही साधी गोष्ट नव्हती. पुढच्या वर्षी विजा या छोट्या कंपनीने त्यांची पहिली ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी तबकडी) 'इन द डेज ऑफ फोर्ड कॉर्टिना' काढली, तीही कढीच्या, म्हणजे इंग्रजांच्या 'करी'च्या, रंगाच्या तबकडीवर. (ही कंपनी रफ ट्रेड या रेकॉर्डच्या दुकानातून चाले आणि त्या दुकानाच्या पोस्टल कोडवरूनच तिचे नाव पडले होते.) १९९४ चा पहिला अल्बम 'होल्ड ऑन इट हर्ट्स' हा त्याच मनःस्थितीतला आहे. गिटारचा खरखराट, ध्वनिमुद्रण कच्चे, वाजवणारे अजून शिकतच असल्यासारखे, आणि मध्येच सतार किंवा ढोलकीचा तुकडा. त्या काळी काही समीक्षकांनी त्यांना वाजवता येत नाही असे हिणवले. ते खोटे नव्हते, पण मुद्द्याचेही नव्हते. याच कंपनीत हगी बेअर हा रायट गर्ल या स्त्रीवादी पंक चळवळीतला बँड होता, आणि त्या मंडळींप्रमाणेच कॉर्नरशॉपलाही आधी बोलायचे होते, सफाई नंतरची.

खरा बदल १९९५ च्या 'वुमन्स गॉटा हॅव इट'मध्ये झाला, आणि या अल्बमवर मला जरा थांबायचे आहे, कारण इथे त्यांना स्वतःची रीत सापडली. अल्बमची सुरुवात 'सिक्स ए.एम. जालंधर शेरे' या पंजाबी गाण्याने होते आणि शेवट त्याच्याच 'सेव्हन ट्वेंटी' या भावंडाने. गाण्यात रचना म्हणावी असे फारसे काही नाही. एक सूर धरला जातो, त्यावर गिटार, सतार आणि ड्रम येऊन बसतात, ठेका हलत नाही, आणि सिंग यांचा आवाज मध्येच वर येतो व पुन्हा त्या गुंजनात मिसळतो. आपल्या कानाला तंबोऱ्याचा षड्ज लागलेला असतो, म्हणून हे आपल्याला ओळखीचे वाटते, परंतु त्याची दुसरी वंशरेषा न्यू यॉर्कच्या व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या साठच्या दशकातल्या रॉक बँडपर्यंत जाते, जिथे जॉन केल व्हायोलावर एकच सूर ताणून धरत असे. सिंग आणि एअर्स यांनी ही दोन घराणी जोडण्याचा आव आणला नाही, ती मुळात एकमेकांशेजारीच होती असे समजून वाजवले. अमेरिकेत हा अल्बम टॉकिंग हेड्स या बँडचे गायक डेव्हिड बर्न यांच्या लुआका बॉप या कंपनीने काढला. अवतार सिंग आणि चेंबर्स या सुमारास बाहेर पडले, आणि तेव्हापासून तिंदर सिंग व बेन एअर्स हीच बँडची पक्की जोडी राहिली.

'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम' हा १९९७ चा अल्बम त्यांचे सर्वांत गाजलेले काम आहे आणि माझ्या मते ते त्या मानाला पात्र आहे. त्यात हिप-हॉपचे तुकडे आहेत, डॅन द ऑटोमेटर या अमेरिकन निर्मात्याचा हात आहे, अमेरिकन कंट्री संगीताच्या चालीवर पॉला फ्रेझरबरोबरचे युगुलगीत आहे, अ‍ॅलन गिन्सबर्गचा आवाज आहे (तो कवी त्याच वर्षी वारला), आणि अँथनी सॅफरी यांची सतार आहे. ही सतार कुठेही अगरबत्तीच्या धुरासारखी पसरत नाही, ती इतर वाद्यांप्रमाणे आपले काम करते. त्याच काळात कुला शेकर हा गोऱ्या तरुणांचा बँड संस्कृत आणि भजनांचे शब्द घेऊन यादीत वर चढला होता, आणि ब्रिटपॉपच्या (नव्वदच्या दशकातल्या ब्रिटिश गिटार-पॉपच्या) लाटेत प्रत्येक गिटारवर ब्रिटिश झेंडा रंगवला जात होता. त्या गर्दीत अल्बमचा शेवट कॉर्नरशॉपने 'नॉर्वेजियन वुड'ने केला, तोही पंजाबीतून. बीटल्सनी १९६५ साली याच गाण्यात सतार वाजवून पाश्चात्त्य पॉपला तिची चटक लावली होती. भाषणे न देता हिशेब चुकता करण्याची ही पद्धत मला मॉरिसीचे चित्र जाळण्याहून अधिक परिणामकारक वाटते.

'ब्रिमफुल ऑफ आशा'कडे याच अल्बमचा भाग म्हणून पाहिले पाहिजे. गाण्यात वारंवार येणारे '४५' म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांनी फिरणारी लहान तबकडी, आणि गाणे मुळात स्थलांतरितांच्या घरातल्या अशा तबकड्यांची यादी आहे. त्यात आशा भोसले आहेत, लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी आहेत, आकाशवाणी आहे, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून फ्रेंच गायक झाक द्युत्राँ, ब्रिटिश रॉक गायक मार्क बोलन आणि जमैकन संगीत विकणारी ट्रोजन कंपनीही आहे. सांगलीच्या मंगेशकर भगिनी या यादीत आल्या म्हणून आपल्याला अभिमान वाटतो ते ठीकच, पण सिंग त्यांना भारताच्या प्रतिनिधी म्हणून आणत नाहीत, घरातल्या कपाटातल्या इतर तबकड्यांबरोबरच्या तबकड्या म्हणून आणतात. गाण्यात सरकारी इशारे आणि बांधली जाणारी धरणे यांचाही ओझरता उल्लेख आहे. नव्वदच्या दशकात नर्मदेच्या बातम्या वाचलेला मराठी श्रोता तिथे क्षणभर थबकतो, नाचाच्या मजल्यावर मात्र तो शब्द कोणाच्याच कानात शिरत नसावा. बीबीसीचे निवेदक जॉन पील यांच्या रेडिओ कार्यक्रमाच्या श्रोत्यांनी १९९७ च्या वार्षिक यादीत याच गाण्याला पहिले स्थान दिले होते, तेही नॉर्मन कुकच्या यशाच्या आधी. म्हणजे ज्यांना ते कळायचे होते त्यांना मूळ गतीतही कळले होते.

यानंतर कोणत्याही व्यवहारी बँडने तशीच आणखी तीन गाणी काढली असती. यांनी क्लिंटन हे नवे नाव घेऊन १९९९ मध्ये डिस्कोचा एक विचित्र, मुद्दाम अर्धवट ठेवल्यासारखा अल्बम काढला, जो फार थोड्यांनी घेतला. २००२ चा 'हँडक्रीम फॉर अ जनरेशन' हा त्यांचा सर्वांत मोकळा अल्बम. सुरुवातीला शिकागोचे सोल गायक ओटिस क्ले कार्यक्रमाचे निवेदक असल्यासारखी बँडची ओळख करून देतात, पुढे रेगे, हाउस आणि 'रॉकी' चित्रपटांच्या नावाने लिहिलेले सत्तरच्या दशकातल्या धाटणीचे रॉक गाणे येते. 'स्पेक्ट्रल मॉर्निंग्ज' हे चौदा मिनिटांचे गाणे ऐकताना 'जालंधर शेरे'ची आठवण येते, आणि तिथे गिटारवर ओएसिसचा नोएल गॅलघर आहे. ब्रिटपॉपचा सर्वांत मोठा गिटारवादक पंजाबी गाण्याच्या मागे निमूटपणे साथ करतो आहे, हे दृश्य १९९४ साली कोणी सांगितले असते तर खरे वाटले नसते. अल्बमची विक्री मात्र बेताचीच झाली.

पुढची सात वर्षे नवा अल्बम नाही. २००९ मध्ये 'जुडी सक्स अ लेमन फॉर ब्रेकफास्ट' स्वतःच्याच अँपल प्ले या कंपनीतून आला. तो सुखद आहे, पण मला त्यातली काही गाणी जुन्या सोल आणि रॉकच्या प्रेमात जास्तच रमलेली वाटतात. खरी मोलाची गोष्ट २०११ ची, 'कॉर्नरशॉप अँड द डबल ओ ग्रूव्ह ऑफ'. या अल्बममध्ये सिंग गात नाहीत, बब्बली कौर गातात, आणि त्याही पूर्णपणे पंजाबीत. पंजाबी लोकगीताच्या वळणाचा तो सरळ, नखरा नसलेला गळा आणि खाली फंकचा आळसावलेला ठेका, एवढ्यावर अख्खा अल्बम चालतो. एका सुराची जी रीत १९९५ मध्ये गोंगाटात सापडली होती, ती इथे इतकी हलकी झाली आहे की तिच्यामागची मेहनत जाणवतच नाही. ब्रिटनमध्ये भांगडा आणि एशियन अंडरग्राउंड (ब्रिटिश आशियाई कलाकारांचे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) अशा दोन लाटा येऊन गेल्या, परंतु हा अल्बम त्यांपैकी कोणत्याच खणात बसत नाही. त्यानंतरच्या 'अर्बन टर्बन'मध्ये निरनिराळ्या पाहुण्या गायकांबरोबरची गाणी एकत्र केली आहेत. त्यात चांगले आणि सामान्य असे दोन्ही आहे.

२०२० च्या मार्चमध्ये आलेल्या 'इंग्लंड इज अ गार्डन'चे समीक्षकांनी मनापासून स्वागत केले. बासरी, टाळ्या, कोंगा, उन्हात बसल्यासारख्या चाली. 'नो रॉक सेव्ह इन रोल' हे गाणे वुल्व्हरहॅम्प्टनच्या आसपासच्या कारखानी मुलखाला, जिथून ब्रिटिश हेवी मेटल निघाले, मुजरा करते. दुसऱ्या एका गाण्याच्या नावातच आशियाई आणि कृष्णवर्णीय लोकांना दिली जाणारी एक जुनी शिवी आहे, आणि चाल मात्र शाळेच्या सहलीत म्हणावी अशी प्रसन्न. सुरुवातीला मी रागाविषयी जे म्हटले ते इथे स्पष्ट ऐकू येते. तक्रार १९९३ चीच आहे, फक्त ती आता आवाज चढवत नाही, आणि म्हणून ती गुणगुणणारा माणूस आपण काय गुणगुणतो आहोत हे जरा उशिरा ओळखतो.

ऐकण्याच्या क्रमाविषयी. १९९७ च्या अल्बमपासून सुरुवात करावी आणि 'ब्रिमफुल ऑफ आशा' त्यातलेच, मूळ गतीचे ऐकावे. नाचाचे रूप कानात बसलेले असेल तर पहिल्यांदा ते मरगळलेले वाटेल, पण दोन-तीनदा ऐकल्यावर त्यातला तंद्रीचा भाग उलगडतो. तो आवडला तर थेट 'डबल ओ ग्रूव्ह'कडे जावे, विशेषतः पंजाबी लोकगीते कानावरून गेली असतील तर. गिटारची आवड असेल तर 'जालंधर शेरे' रात्री, हेडफोन लावून आणि मध्ये न थांबवता ऐकावे. 'इंग्लंड इज अ गार्डन' कोणत्याही वेळी चालेल. 'होल्ड ऑन इट हर्ट्स' मात्र शेवटी ठेवावा, कारण आधी तोच ऐकला तर बरेच लोक तिथूनच परत फिरतात. त्याच्या जोडीला २०१५ चा 'होल्ड ऑन इट्स ईझी' जरूर घ्यावा. त्यात याच पहिल्या अल्बमची गाणी शब्दांशिवाय, प्रेस्टनच्या एका बिग बँडने हॉटेलच्या लाउंजमध्ये शोभतील अशा गोड वाद्यवृंदात वाजवली आहेत, आणि गोंगाटाखाली त्या वेळी कोणाला ऐकू न आलेल्या चाली तिथे पहिल्यांदा स्वच्छ ऐकू येतात.