निःस्वार्थपणे, गर्व न करता देणं लहान मुलांकडून शिकता येतं का?

तुम्ही विचारलंय की काहीही दिलं तरी मनात "मी दिलं" हे येतंच, ते घालवायचं कसं आणि लहान पोरांना ते कसं काय जमतं. पहिल्याचं उत्तर माझ्याकडं नाही. दुसऱ्याचं एक डोळ्यांनी बघितलेलं आहे, ते सांगतो. लांबणार आहे.

मी निपाणीचा, कर्नाटकातलं सीमेवरचं गाव, झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. 2019 च्या ऑगस्टमधला पूर आठवत असेल, वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळूर रस्ता बंद, ट्रकांच्या रांगाच रांगा. नदीकाठची माणसं शाळांमध्ये आणून ठेवलेली. आमच्याकडं त्याला गंजी केंद्र म्हणतात, कानडी शब्द आहे, गंजी म्हणजे पेज, खरं मिळायचा भात-आमटी. गल्लीत वर्गणी काढून आम्ही चादरी घेतल्या, आमचा मोठा दादा पुढं. दादा म्हटला आधी बॅनर येऊ दे, मग वाटूया. आता पाऊस थांबंना, तिकडं माणसं ओल्या कपड्यात बसलेली, आणि आम्ही चादरींचा गठ्ठा टेम्पोत ठेवून फ्लेक्सवाल्याकडं लाईट कधी येते याची वाट बघत अर्धा दिवस घालवला. शेवटी बॅनर आला, वाटप झालं, फोटो झाले. एका बाईनं फोटोच्या वेळी पदर तोंडावर ओढून घेतला ते मला दिसलं. तरी मी काढला. स्टेटसला पण टाकला.

माझी पोरगी तेव्हा पाच वर्षांची, शाळेला सुट्टी म्हणून माझ्या मागं मागं होती. तिच्या फ्रॉकच्या खिशात उरुसातनं घेतलेला लाकडी भोवरा असायचा. तिला फिरवायला येत नव्हता, जाळी म्हणजे भोवऱ्याची दोरी गुंडाळली की सुटायची, खरं रात्री झोपताना पण उशाला. तिथं एक सात-आठ वर्षांचा पोरगा, कानडी घरातला, त्यानं तो मागून घेतला, जाळी गुंडाळली आणि असा फेकला की भोवरा जागच्या जागी उभा. मग तळहातावर उचलून घेतला. पोरगी टाळ्या वाजवायली. थोड्या वेळानं माझ्याकडं आली तर खिसा रिकामा.

"दिलीस काय गं?"

"त्याला येतंय की पप्पा."

एवढंच. बिचाऱ्याचं घर पाण्यात गेलंय, त्याच्याकडं खेळणं नाही, असलं काही तिच्या डोक्यात नव्हतंच. त्याला येतंय म्हणून त्याचा.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवसाची. परत गेलो तेव्हा ती त्याच्यापुढं हात पसरून उभी, "कोडु की, एकदाच." आदल्या दिवसात एवढं कानडी शिकलेली, कोडु म्हणजे दे, 'की' आपली मराठीच. तो म्हटला, "इल्ल." मला असा राग आला म्हणून सांगू, अरे काल जिनं दिला तिलाच नाही म्हणतोस? मी पुढं झालो, तर हिनं माझा शर्ट ओढला. "पप्पा, त्याचा हाय तो." आणि पायरीवर बसून त्याचा खेळ बघत राहिली, तासभर, खुशीत. दोन-तीन दिवसांनी पाणी उतरलं, ती माणसं गेली, भोवरा पण गेला.

आता आमचा दादा. वडील गेल्यावर देवळात पंखा दिला. पात्यांवर लाल रंगानं वडिलांचं नाव बारीक आणि "यांच्याकडून" म्हणून दादाचं नाव ठळक. पंखा फिरायला लागला की वाचता येत नाही, म्हणून आरती झाल्यावर हा गुरवाला पंखा बंद करायला सांगतो. खोटं नाही सांगत. वर "पाचवर लावू नको, कॉइल जळंल" हे वेगळं. देऊन बरीच वर्षं झाली, अजून 'आमचा पंखा' म्हणतो. मी एकदा बोललो की दादा, तो देवळाचा झाला, माझ्या पोरीला कळतंय ते तुला कळत नाही. तर म्हणतो, नाव लावलं नाही तर बाकीचे कसे देतील? लोक बघून देतात.

आपल्या भागात हे कुणाला नव्यानं सांगायला पाहिजे काय? बसवण्णांनी, म्हणजे महात्मा बसवेश्वरांनी, बाराव्या शतकात कायक आणि दासोह सांगितलं. कायक म्हणजे कष्टाचं काम हीच पूजा. दासोह म्हणजे देणारा तो दास, घेणाऱ्यानं घेतलं हे त्याचे उपकार. इकडं शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या योजनेचं नावच अक्षर दासोह आहे, पोरं रोज त्या नावाचा भात खातात. आणि आम्ही मोठे फ्लेक्सवाल्याकडं.

तुम्हाला काय करायचं ते विचारलंत तर, पोरांना दिल्याबद्दल बक्षीस लावू नका. वार्नेकेन आणि टोमासेलो या दोन मानसशास्त्रज्ञांचा 2008 चा एक प्रयोग आहे, 20 महिन्यांच्या बाळांवर. मदत केल्यावर ज्यांना खेळणं मिळालं ती पुढं मदत कमी करायला लागली, ज्यांना काहीच दिलं नाही ती करत राहिली. आणि स्वतःसाठी, दिलेली वस्तू परत बघायला गेलात तर तोंडातनं 'माझी' येतंय काय ते बघा. याच्यापुढं मला येत नाही.

पोरं म्हणजे संत असंही समजू नका बरं का. 2008 मध्येच स्वित्झर्लंडमधल्या मुलांवर एक अभ्यास आला होता, तीन-चार वर्षांची बहुतेक पोरं स्वतःपुरतंच बघतात, सात-आठला जाऊन सारखं वाटायला लागतात असं त्यात निघालं. माझ्याच पोरीनं पुराच्याच महिन्यात चुलत भावाला खोडरबर दिलं नाही म्हणून मारामारी केली होती. आणि भोवऱ्यानं कुणाची थंडी गेली नाही, दादाच्या चादरींनी गेली, तेही मान्य. अजून एक, पंख्याचे अर्धे पैसे माझे होते आणि पात्यावर माझं नाव नव्हतं. त्या दिवशी मी दादाला बोललो त्यात ते पण होतं, असू दे.

पोरगी आता मोठ्या वर्गात आहे. हे लिहायच्या आधी तिला विचारलं, तो भोवरा आठवतोय काय? म्हटली, कुठला भोवरा?

दादा, तुझ्या पोराच्या मोबाईलवर तू हे वाचणार आहेस मला माहीत आहे. उन्हाळा आलाय, गुरवाला पंखा पाचवर लावू दे. लाईट बिल देऊळ भरतंय.