हिवाळ्यात घरचा स्विमिंग पूल बंद करताना पाणी पूर्ण काढून टाकावं का?

नाही, पूर्ण रिकामा अजिबात करू नका. जमिनीखालच्या पाण्याचा दाब रिकाम्या पूलला खालून उचलतो, तळाला तडे जातात. स्किमरच्या (भिंतीतल्या, तरंगता कचरा ओढून घेणाऱ्या खाचेच्या) तोंडाखाली थोडं उतरेल इतकंच पाणी काढा.

खरा धोका पाइपमध्ये असतो. पाणी गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं, आणि पाइपात त्याला फुगायला जागाच नसते. म्हणून सगळ्या लाइन हवेने फुंकून काढा. परतीच्या तोंडातून (जिथून पाणी पूलमध्ये परत येतं) आधी पाण्याचा जोरदार फवारा येतो, मग नुसते बुडबुडे. बुडबुडे सुरू असतानाच रबरी बूच घट्ट पिळून बसवा. उशीर केलात तर पाणी परत आत शिरलंच म्हणून समजा. पंप आणि फिल्टरचे ड्रेन प्लग (पाणी काढायची बुचं) काढून पंपाच्या टोपलीत ठेवा, म्हणजे वसंतात शोधाशोध नको. पाइपात अँटिफ्रीझ (गोठू न देणारं द्रव) घालायचंच असेल तर पूलसाठीचं प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं घ्या. गाडीचं नको, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.

घाई मात्र करू नका. पाणी 15 अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यावर बंद केलेलं बरं, कारण कोमट पाण्यात झाकणाखाली शेवाळ माजतं. त्याआधी तळ घासून, पानं काढून पीएच 7.2 ते 7.6 च्या दरम्यान आणा. क्लोरीनच्या गोळ्या स्किमरमध्ये तशाच राहू देऊ नका, पाणी फिरत नसताना त्या तिथलं सगळं खातात.

झाकण ताणून बसवा. सैल झाकणावर साचलेलं पाणी लहान मुलांसाठी पूलइतकंच धोक्याचं.