मॅडम, युनिव्हर्सिटीजवळ घर घेऊ की गावात?

मे महिना संपत आला की हा प्रश्न माझ्याकडं हमखास येतो, कुणाची पीएचडी लागलेली असते, कुणाला नवी नोकरी, कुणाची बदली, पण वाक्य सगळ्यांचं एकच, "मॅडम, युनिव्हर्सिटीजवळ घर घेऊ की गावात, आमच्याकडं कार नाही." गाव म्हणजे बेळगाव शहर, आम्ही इथं शहरालाच गाव म्हणतो. आता घराचा प्रश्न एजंटला विचारायचा, समुपदेशकाला कशाला असं कुणालाही वाटेल, पण माझ्यापर्यंत येईतोवर तो घराचा प्रश्न ऱ्हायलेलाच नसतो, नवराबायको आठ-आठ दिवस बोलत नसतात आणि मधल्यामधी म्हातारी माणसं निरोप्याचं काम करत असतात.

त्यातलीच एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात आणि दोघांना विचारूनच लिहितेय. त्यांना आपण निपाणीकर म्हणूया. तो निपाणीकडच्या एका कॉलेजात शिकवत होता, ती नोकरी सोडून व्हीटीयूला, म्हणजे विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत, फुलटाइम पीएचडीला लागला. व्हीटीयूचा कॅम्पस मच्छेला आहे, 1998 सालची युनिव्हर्सिटी, खानापूर रोडला, सेंट्रल बस स्टँडपासून दहा-बारा किलोमीटर. बायको गडहिंग्लजकडची, पोरगी सहा वर्षांची नुकतीच पहिलीला, आणि त्याची आई, बीपी आणि गुडघे. घरात गाडी म्हणाल तर एक स्प्लेंडर, आणि ती चालवणारा एकटाच. तात्पुरते बेळगावातल्याच शहापुरात नातेवाइकांकडं उतरलेले. आमच्याकडं शाळा जूनच्या तोंडालाच सुरू होतात, महाराष्ट्रापेक्षा पंधरा दिवस आधी, त्यामुळं पोरीचं नाव घाईघाईत टिळकवाडीतल्या एका मराठी शाळेत घालून झालेलं आणि घराचा पत्ता नाही.

पहिल्या दिवशी तो मोबाईल घेऊनच बसला. कॅम्पसच्या मागच्या बाजूला एक नवा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून उठलेली वसाहत, त्यातलं घर, दोन बेडरूम, वर गच्ची, भाडं साडेसहा हजार. "लॅबपासून पाच मिनिटं मॅडम, रात्री अकरा वाजता मशीन बंद करायला जायला लागलं तरी चालतंय, आणि एवढ्या पैशात गावात काय मिळतंय सांगा की." फोटो खरंच छान होते, मागं हिरवं रान, वर ढग. ती खिडकीतनं बाहेर बघत होती. मी विचारलं तुम्हाला कसं वाटलं घर, तर एवढंच म्हणाली, "तिथं मला कोण हाय?"

तो तडकला. "बघा, असंच बोलत्या. म्हणजे मी पीएचडी करायचीच नाही."

ती असं काही म्हणालीच नव्हती. पण पस्तिशीत पगाराची नोकरी सोडून स्टायपेंडवर आलेल्या माणसाला आधीच मनात धाकधूक असते की आपण घरच्यांचं वाटोळं तर करत नाही ना, त्यामुळं कुणी घराला नाव ठेवलं की त्याला ते आपल्याच निर्णयाला ठेवलं असं ऐकू येतं. आणि हिला दिसत होतं की आपण निपाणीची गल्ली, शेजारीण, शनिवारची आईची फेरी सगळं सोडून आलोय, आता उरलीसुरली दोन पायांवरची मोकळीकही जाणार. दोघं घराबद्दल बोलतच नव्हती, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण घराबद्दलच बोलूलोय.

मी विचारलं घर बघायला कसं गेला होता. रविवारी सकाळी, एजंटच्या कारमधनं. इथंच तर सगळ्यांची चूक होते. ज्याच्याकडं कार नाही त्यानं कारमधनं घर बघून काय कळणार? रविवारी रस्ता मोकळा, एजंट दारात उतरवतो, दारातनंच परत नेतो, मेन रोडपासून घर किती आत आहे हे पायांना कळतच नाही.

मग त्यांना दोन कोरे कागद दिले आणि सांगितलं की एकमेकांचा मंगळवार लिहा, सकाळी उठल्यापासून. मंगळवारच का, तर सणवार नाही, सुट्टी नाही, मध्यावरचा रुक्ष दिवस म्हणून. तिनं त्याचा दिवस बऱ्यापैकी लिहिला, गाईडला भेटणं, लॅब, जेवायला घरी येणार की डबा, सगळं. त्यानं तिच्या कागदावर तीन ओळी लिहिल्या. सकाळी डबा. पोरीची शाळा. संध्याकाळी स्वयंपाक. तिनं तो कागद ओढून घेतला आणि लिहीत सुटली, पुढची बाजू भरली, मागची भरली, दूध, आत्तीची (म्हणजे सासूची) गोळी संपली, भाजी, रिक्षावाल्याला फोन, पोरीचा भिजलेला बूट पेपर घालून वाळवणे, गॅसवाल्याची वाट, आत्तीला डॉक्टरकडं, परत शाळा. "बूट वाळवणे" याच्याखाली तिनं दोन रेघा मारल्या होत्या. तो बराच वेळ कागदाकडं बघत बसला, मग म्हणाला, "हे सगळं कुठनं करणार तिथनं?" पहिल्यांदा त्यानं "तिथनं" म्हटलं, नाहीतर तोवर "आपल्या नव्या घरातनं" चालू होतं.

घरी करायला दिलं ते काम वेगळं. लेआउटमधल्या त्या घरापासून एक मंगळवार खरा करून बघा. तिनं, पोरीनं आणि दप्तरानं सकाळी त्या दारातनं निघायचं आणि शाळेत पोचायचं, नवऱ्याला फोन करायचा नाही, त्याची स्प्लेंडर मोजायची नाही. जून महिना होता, पाऊस हवाच होता आणि बेळगावात त्याची वाट बघायला लागत नाही.

संध्याकाळी तिचा व्हॉइस मेसेज आला. आमच्याकडं बायका "मी जातो, मी करतो" असंच बोलतात तशीच तीही, त्यामुळं न माहिती असलेल्याला वाटेल बाप्याच बोलतोय. "मॅडम, घरातनं मेन रोडला यायला मला अठरा मिनिटं लागली, पोरगी चिखलात रुतली, तांबडी माती हाय, चपल्या हातात घेऊन चालत आलो. वाटेत तीन कुत्री. मग बस आली ती भरून, उद्यमबागच्या कारखान्यांची शिफ्ट, बाप्ये दारापर्यंत लोंबकळत. बोर्ड कानडीत, मी अजून अक्षरं जुळवतोय तोवर एक गेली पण. दुसऱ्या बसमधल्या मामानं बसाय जागा दिली पोरीला. शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना झाल्ती." मग थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज, आणि मग, "आणि मला तिकीट पडलं."

हे तिकिटाचं काय ते सांगते. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत साध्या सरकारी बसमधनं बायकांना प्रवास फुकट आहे, शून्य तिकीट देतात. पण आधारवर किंवा दुसऱ्या ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता पाहिजे. हिच्या आधारवर अजून माहेरचा, गडहिंग्लजचा पत्ता. सीमाभागात अशा कितीतरी सुना आहेत, लग्नाला दहा वर्षं झाली तरी आधार तिकडचं, आणि घरभाड्याचा हिशोब मांडताना हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. ज्या घरात कार नाही त्या घरात बाईचा बसचा खर्च शून्य की महिन्याला हजार-बाराशे यानं भाड्याचं गणित हलतं. म्हणून मी आता पहिल्याच बैठकीत आधार बघायला सांगते, हसू नका, समुपदेशनाचाच भाग झालाय तो.

पुढच्या वेळी तो एकटाच आधी आला. तिच्या मागनं मेन रोडपर्यंत चालत गेला होता म्हणे, न सांगता, रेनकोट घालून लांबनं. "पोरगी रुतली तेव्हा पळत जाऊन उचलावं वाटलं, पण तुम्ही सांगितल्तं ना मधी पडायचं नाही." मी असं काही नेमकं सांगितलं नव्हतं, पण असू दे.

मला स्वतःला यातलं थोडं कळतं कारण लग्नानंतर मीही एका टोकाच्या नव्या लेआउटात दोन वर्षं काढलीत. सायकलसुद्धा येत नव्हती तेव्हा मला. दुपारी तीन वाजता पायरीवर बसून लांब रस्त्यावरनं जाणारी बस बघायचे, आणि संध्याकाळी नवरा आला की त्याच्यावरच चिडायचे, तो बिचारा विचारायचा काय झालं, आणि मला सांगता यायचं नाही, कारण झालेलं काहीच नसायचं.

मग त्यांचा दुसरा टप्पा, एकदम उलट. आता तोच म्हणायला लागला टिळकवाडीतच घेऊ, शाळेला चिकटून. भाडं तेरा हजार, पहिला मजला, अरुंद जिना. म्हातारीला घेऊन या म्हटलं. मावशी आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "त्या जिन्यावरनं मी एकदा वर गेलो की खाली चौघं आणतील तेव्हाच." सून खुदकन हसली, पोरगा गप्प. त्यांच्या बीपीचाही विचार होताच, रात्री काही झालं तर 108 ला फोन करायचा हे खरं, पण अँब्युलन्स येईपर्यंत आणि मच्छेच्या आतल्या लेआउटातनं सिव्हिल नाहीतर नेहरूनगरच्या केएलई हॉस्पिटलपर्यंत जाईपर्यंत सगळं गाव ओलांडायला लागतं, हे मावशींनी कुणालाच बोलून दाखवलं नव्हतं. त्यांना वाटायचं पोराच्या शिक्षणात आपलं दुखणं कशाला.

शेवटी घर मिळालं अनगोळात, जुनं, कौलारू, तळमजला, साडेनऊ हजार. शाळा पोरीला घेऊन चालत वीस मिनिटं, पाऊस असला तर बस किंवा रिक्षा (रिक्षाचं मीटर आमच्याकडं शोभेला असतं, बसायच्या आधी ठरवायचं). भाजी, दवाखाना, मेडिकल, पिठाची गिरणी सगळं पायाखाली. त्याला फोर्थ गेटवरनं, म्हणजे रेल्वे फाटकावरनं, उद्यमबागेत निघून मच्छेला वीस मिनिटं, गेट पडलं असलं की अर्धा तास. लॅब पाच मिनिटांवरनं वीस मिनिटांवर गेली, ते त्यानं घेतलं. रात्रीच्या मशीनसाठी एका मित्राशी अदलाबदल ठरवली.

घर ठरवताना त्यांना जे विचारायला लावलं ते इथंच सांगून टाकते. पहिलं पाणी. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाला पाण्यासाठी टिळकवाडीत खास विहीर खणावी लागली होती, अजून आहे ती, तेव्हापासून या गावात पाणी विचारूनच मुक्काम करायचा. काही वॉर्डात 2008 पासून चोवीस तास पाणी आहे, बाकी ठिकाणी नळ कधी येतो, टाकी किती लिटरची, विहीर आहे का, हे घरमालकाला नाही, शेजारणीला विचारायचं. मच्छे-पिरनवाडीकडं महापालिका नाही, तिथला हिशोब आणखी वेगळा. दुसरं लाइट, गृहज्योती या सरकारच्या फुकट विजेच्या योजनेत भाडेकरूलाही फुकट युनिट मिळतात, पण आधीच्या भाडेकरूचं आधार त्या मीटरला जोडलेलं असलं तर ते आधी काढून घ्यायला लावायचं. तिसरं लीज. एकरकमी पाच-सात लाख द्या आणि भाडं नको असं सांगणारे मालक बरेच भेटतात, साठलेली पुंजी असली की मोह होतो, या दोघांनाही झाला. त्या घरावर बँकेचं कर्ज आहे का हे कागद बघून खात्री केल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. आणि जात विचारतात, मटण करता का विचारतात, ते ऐकून घ्यायची तयारी ठेवायची, काही घरं तिथंच गळतात.

सगळं गोड झालं असं नाही. पावसात कौलं गळली, मालकानं ताडपत्री टाकायला पंधरा दिवस लावले, त्यावरनं परत धुसफूस झाली. त्याला पहिला महिना वाटत होतं की आपणच माघार घेतली, ते त्यानं तोंडानं कबूल केलं, आणि तिनं त्यावर "होय, घेतलासा की" म्हणून सरळ मान्य केलं, त्यानं त्याला जास्त बरं वाटलं. समजूत घालत बसली असती तर बिघडलं असतं असं माझं मत. मावशींना मात्र परसू आवडला, तिथं त्यांनी अळू लावलं.

सगळ्यांना अनगोळच योग्य असं माझं म्हणणं नाही. पोर नाही, दोघंही कॅम्पसवरच जाणारे, अशा एका जोडप्याला मीच मच्छेत रस्त्यालगतचं घर घ्या म्हटलं होतं, ती सुखात आहेत. लेआउटात चारशे मीटर आत आणि रस्त्याला लागून यात गाडी नसलेल्याला फार फरक पडतो, पत्ता दोन्हीचा मच्छेच असतो.

दिवाळीच्या आधी निपाणीकर दोघं पेढे घेऊन आले. तिचं आधार बदलून आलं होतं. पर्समधनं तिनं घडी घातलेला कागदाचा चिटोरा काढून टेबलावर ठेवला, पहिलं शून्य तिकीट, अनगोळ ते सेंट्रल बस स्टँड. कानडी बोर्ड आता वाचता येतात, पोरीच्या पुस्तकातनंच शिकली. तो म्हणाला, "मॅडम, आता बाजाराला मी गाडी काढतो म्हटलं तर नको म्हणत्या."

"पेट्रोल कशाला घालवायचं," ती म्हणाली, "तुम्ही घरी बसून लिवा. मी आणि आत्ती जातो, आमचं फुकट हाय."