मॉरिशसला मराठी शिकवायला गेल्यावर दिवस कसा जातो? वर्ग संपल्यावर काही बघता येतं का?

ताई, तुम्ही सांगलीजवळच्या शाळेत शिकवता आणि येत्या जुलैत दोन आठवडे मॉरिशसला पाहुण्या शिक्षिका म्हणून जाणार आहात, म्हणून तुम्ही हे विचारलंय. मी साताऱ्यात सव्वीस वर्षं मराठी शिकवलं आणि निवृत्तीआधी अशीच जाऊन आले. सगळे दिवस सांगत नाही, पहिला बुधवार सांगते, कारण त्या दिवशी माझा क्रम चुकला होता.

सकाळी ९ला वर्ग. हजेरी घेतानाच अडखळले. आडनावांच्या जागी रामजी, बाबाजी, सखाराम! तिथल्या बाईंनी सांगितलं, बोटीतून उतरलेल्या पूर्वजाचं नाव कारकुनाने जसं लिहून घेतलं, तेच पुढे घराण्याचं आडनाव झालं. मी मान डोलावली आणि धड्याकडे वळले.

मुलं घरी क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, बोलतात, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच. मराठी हा ऐच्छिक विषय. मी साताऱ्याहून लिंग-वचनाचे तक्ते करून नेले होते. पण क्रिओलमध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतच नाही. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ असे दोन प्रकार कशाला हवेत, असं एका मुलाने अगदी मनापासून विचारलं. तक्ते गुंडाळून ठेवले. मुलगे एका रांगेत, मुली दुसऱ्या रांगेत, आणि दारापर्यंत चालत मोठ्याने म्हणायचं. ‘आम्ही जातो’ला दोन्ही रांगा एकत्र. हे जमलं. मग कळलं की गणपतीची आरती सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यातलं ‘नूपुरे’ म्हणजे काय, कुणालाच ठाऊक नव्हतं. फळ्यावर पाऊल काढलं, त्यात पैंजण काढलं, आणि वर्गभर एकदम ‘आऽऽ’ झालं. तेवढ्यासाठी विमानाचा प्रवास सार्थकी लागला असं मला वाटलं, आजही वाटतं.

दुपारी १२ला मोकळी झाले. रस्त्यावर दालपुरी खाल्ली. पुरणपोळीसारखीच, पण आत वाटाण्याच्या डाळीचं बिनगोडाचं सारण, वर टोमॅटोची चटणी. जोडीनेच देतात. नक्की खा.

मग बाईंबरोबर बसने राजधानी पोर्ट लुई. दोन्ही बाजूंना ऊस, आणि मधेमधे काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग. सकाळी हेच ढीग पाहून मला खाणीचा राडारोडा वाटला होता. बाई म्हणाल्या, जमीन ज्वालामुखीची, ऊस लावायचा तर आधी दगड वेचायला लागायचे, ते आमच्या पूर्वजांनी हातांनी वेचलेत. दगड आपल्या अजिंक्यताऱ्याच्या दगडासारखाच, बेसाल्ट.

बंदरावर आप्रवासी घाट आहे. १८३४ ते १९२० या काळात करारावर आणलेले जवळजवळ पाच लाख मजूर मॉरिशसला उतरले, त्यांची नोंदणी करणारं हे ठिकाण. २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. मूळच्या सोळा पायऱ्या जपून ठेवल्यात. वास्तू मोठी नाही, अर्ध्या तासात बघून होते. मी दीड तास थांबले. मराठी माणसं मुंबई बंदरातून गेली, त्यातली बरीचशी रत्नागिरीकडची. म्हणजे आमच्या कुंभार्ली घाटाखालची! सकाळच्या हजेरीतली नावं मला तिथे, त्या पायऱ्यांसमोर, नीट ऐकू आली. मजुरांच्या नोंदी आता मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत, वंशज तिथे आपल्या माणसाचा शोध घेतात. हे सगळं मी वर्गाच्या आधी बघायला हवं होतं.

गुरुवारी भूतकाळ घेतला. मराठीतला हा सगळ्यात अवघड भाग, कारण क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं. उदाहरणं पुस्तकातली घेतली नाहीत. त्यांनी दगड वेचले. त्यांनी ऊस लावला. त्यांनी शाळा बांधली. त्यांनी देऊळ बांधलं. ‘ते कोण?’ असं मुलांनीच विचारलं. मी हजेरीपट उघडून त्यांची आडनावं वाचली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “त्यांनी मला आडनाव दिलं.” ‘दिलं’ अगदी बरोबर. मी त्याला जवळ घेतलं.

म्हणून सांगते, पोचल्यावर पहिल्याच मोकळ्या वेळात आप्रवासी घाटावर जा, समुद्रकिनारे आणि गंगातलाव हे तिथल्या हिंदूंचं पवित्र तळं नंतर. बेट आपल्या सातारा जिल्ह्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढं आहे, त्यामुळे अर्ध्या दिवसात कुठूनही परत येता येतं. मात्र जुलैत तिथे हिवाळा असतो, सहाच्या आत अंधारतं. उंचावरच्या भागात वारं चांगलंच गार असतं, स्वेटर विसरू नका. घड्याळ दीड तास मागे करायचं. तक्ते नेलेत तरी चालेल, पण रंगीत खडूंची पेटी बॅगेत वर ठेवा.