"मॅडम, कुजबुज ऐकल्याशिवाय झोपच लागत नाही"

मी समुपदेशक. कुजबुजीच्या, अंगावर सुखद मुंग्या आणणाऱ्या हळुवार आवाजांच्या व्हिडिओंचा, म्हणजे 'एएसएमआर'चा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी आला. एका आईने विचारलं, "माझा मुलगा रात्री तासभर साबण कापण्याचे व्हिडिओ बघतो. डोकं ठिकाणावर आहे ना त्याचं?" पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा रूममेटला कळू नये म्हणून पांघरुणात तोंड खुपसून ऐकायचा. काय ऐकतोस, तर कुणी बाई माइकपाशी तोंड नेऊन हळू आवाजात बोलते, ब्रश फिरवते, नखांनी डबी वाजवते. बस्स. एका नवऱ्याची वेगळीच तऱ्हा. बायकोच्या उशाखालून कुजबुज ऐकू आली आणि महिनाभर तो भलत्याच संशयात होता. सगळ्यांचा शेवटचा प्रश्न मात्र एकच: याने जिवाची धडधड कमी होते खरी, पण हे बरं आहे ना? का नवं व्यसन लावून घेतलंय?

अशा वेळी मला स्वाती आठवते. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

स्वाती तिशीची, बँकेत कॅशियर. घरी नवरा, सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी. पहिल्याच दिवशी खुर्चीत टेकायच्या आधी म्हणाली, "मॅडम, हसणार नसाल तर सांगते."

तिचं म्हणणं थोडक्यात असं. रात्री साडेअकराला सगळे झोपले, की ती एक इअरफोन वेणीखालून कानात घालते. व्हिडिओतली बाई कोरियन. ती टॉवेलच्या घड्या घालते, हाताने सपाट करते, मधूनच काहीतरी पुटपुटते. स्वातीला त्यातला एक शब्द कळत नाही. पण मानेच्या वर, टाळूपाशी मुंग्या येतात, त्या पाठीवर उतरतात आणि अंग हलकं होतं. सुरुवातीला एका व्हिडिओत झोप लागायची. आता चार-चार बघून अडीच वाजतात, मुंग्या येत नाहीत, आणि मध्येच जाहिरात किंचाळते. दिवसाही मॅनेजरच्या केबिनमध्ये जायचं असलं, की आधी वॉशरूममध्ये जाऊन पाच मिनिटं ऐकावं लागतं.

मी तेव्हा या प्रकाराबद्दल फक्त ऐकून होते. मोबाइलचं आणखी एक खूळ म्हणून मी ते निकालात काढलं आणि सांगितलं, "दोन आठवडे पूर्ण बंद ठेव."

दहाव्या दिवशी ती आली ती डोळे सुजलेले. "तुम्ही सांगितलंत तसं केलं. आता झोपही नाही आणि तेही नाही."

एकोणीस वर्षं हे काम करूनही मी असं केलं. लंगडणाऱ्या माणसाची काठी काढून घेतली आणि त्याचा पाय बघितलाच नाही.

त्या रात्री नवऱ्याचे इअरफोन मागून मी टॉवेलवाल्या बाईचा व्हिडिओ लावला. मला मुंग्याबिंग्या काही आल्या नाहीत. घरातले वाळलेले कपडे घड्यांविना पडलेत, तेवढं आठवलं. मग मात्र बसून वाचन केलं. 'एएसएमआर'चं पूर्ण नाव ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स. 2010 साली अमेरिकेतल्या जेनिफर ॲलन यांनी ते ठेवलं, आणि मुद्दाम असं जडजंबाल ठेवलं, की लोकांना त्याबद्दल न लाजता बोलता यावं. मला ही गोष्ट फार आवडली. आपल्याला होतं त्याला नाव आहे, एवढं कळलं तरी माणसाचं अर्धं ओझं उतरतं. स्वातीचंही उतरलं.

ब्रिटनमधल्या स्वान्सी विद्यापीठातल्या बॅरट आणि डेव्हिस या संशोधकांनी 2015 मध्ये असे व्हिडिओ बघणाऱ्या 475 जणांना विचारलं. 82 टक्के लोक झोपेसाठी बघत होते, 70 टक्के ताण हलका करायला. लैंगिक सुखासाठी बघणारे जेमतेम पाच टक्के. संशयी नवरे आणि धास्तावलेल्या आया यांना मी हा आकडा आवर्जून सांगते. 2018 मध्ये तिथल्याच शेफील्ड विद्यापीठाच्या अभ्यासात, ज्यांना मुंग्या येतात त्यांच्या हृदयाचे ठोके व्हिडिओ बघताना मिनिटाला सरासरी तीनने कमी झाले. ज्यांना येत नाहीत त्यांचे तसे झाले नाहीत. म्हणजे मला काही झालं नाही, यात माझा दोष नव्हता आणि टॉवेलवालीचाही नव्हता. नॉर्थम्ब्रिया विद्यापीठाचा 2022 चा अभ्यास 64 जणांचा, म्हणजे छोटाच. त्यात मुंग्या येणारी माणसं मुळातच जास्त काळजी करणारी निघाली, आणि व्हिडिओनंतर त्यांची त्या घडीची चिंता कमी झालेली दिसली. त्या घडीची, हे शब्द मी स्वातीच्या फाइलवर लिहून अधोरेखित केले होते.

मग आम्ही काठी सोडून पायाकडे, म्हणजे मुळाशी असलेल्या भीतीकडे वळलो.

"मुंग्या आल्या नाहीत तर काय होईल?"

"झोप लागणार नाही."

"नाही लागली तर?"

"सकाळी डोकं चालणार नाही. कॅशमध्ये चूक होईल."

"झाली तर?"

ती गप्प. मग म्हणाली, "पुन्हा व्हायलाच नको."

या 'पुन्हा'त सगळं होतं. दीड वर्षापूर्वी दिवसअखेर तिची कॅश टॅली झाली नव्हती. साडेचार हजार शॉर्ट. सगळा स्टाफ थांबला, ड्रॉवर उलटेपालटे झाले, व्हाउचर तीनदा तपासली, शेवटी तिने स्वतःचे पैसे भरले. कुणी चोर म्हटलं नाही. पण मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, लक्ष कुठे असतं?" तेव्हापासून नोटा मोजायच्या यंत्राचा फर्रर्र आवाज आला तरी तिच्या पोटात गोळा यायचा. दिवसभर एका आवाजाची धास्ती आणि रात्री दुसऱ्या आवाजाचा आसरा, असं चाललं होतं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारांच्या पठडीतली. 'झालं तर बरं' आणि 'झालंच पाहिजे' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मी इतक्यांना सांगितलंय की घरची मंडळी आता हे वाक्य ऐकून कानावर हात ठेवतात. स्वातीलाही सांगितलं. कॅश बरोबर यावी ही इच्छा रास्तच. पण आलीच पाहिजे, नाही तर मी कुचकामी, ही सक्ती. आणि तीच सक्ती तू रात्री त्या टॉवेलवाल्या बाईवरही करतेस: आत्ता मुंग्या आल्याच पाहिजेत. तिने मान डोलावली, वहीत लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात वहीतलं जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि म्हणाली, "काल अडीच वाजले."

तीन भेटी अशा गेल्या. डोक्याला पटत होतं, अंगाला कळत नव्हतं.

चौथ्या वेळी मी समजावणं सोडलं आणि नुसतं विचारलं, "मोबाइल यायच्या आधी कधी आल्या होत्या का गं अशा मुंग्या?"

तिने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि थांबली.

"कासारमामा," ती म्हणाली.

फलटणकडच्या तिच्या आजोळी लग्न निघालं की कासारमामा घरी यायचे. सोप्यात सतरंजी, समोर बांगड्यांची पेटी, बायका रांगेने बसलेल्या. ही सहा-सात वर्षांची. मामा हात हातात घ्यायचे, बोटं एकत्र करायचे, अंगठा आत दुमडायचे आणि अंगठ्याच्या मुळाशी हळूहळू दाबत राहायचे. काचेवर काच किणकिणायची. मामांचा आवाज घोगरा, जेमतेम ऐकू येईल असा. "कुठल्या इयत्तेत? गुरुजी मारतात का?" उत्तराची त्यांना घाई नसायची. आणि तिच्या टाळूला मुंग्या यायच्या. इतकं बरं वाटायचं, की ती पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन बसायची. मामा ओळखायचे, पण हाकलायचे नाहीत. "आण बघू, मोजून बघतो, एक कमी भरली वाटतं," म्हणून हात पुन्हा हातात घ्यायचे.

सांगता सांगता तिने नकळत आपला डावा हात उजव्या हातात धरला होता. पदराच्या टोकाशी चाळा करणारी तिची बोटं पहिल्यांदाच स्वस्थ दिसत होती.

"बांगडी चढवताना काय म्हणायचे मामा?"

"म्हणायचे, हात सैल सोड बाळ. ताठ धरलास तर काच लागेल."

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता. मी काही बोलले नाही. समुपदेशकाला अशा वेळी बोलायची खाज फार असते. ती आवरली, हे माझं त्या दिवसाचं खरं काम.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मी ताठ हाताने ऐकते, हो ना?"

माझं तीन भेटींतलं व्याख्यान कासाराने एका वाक्यात संपवलं. पण प्रश्न मी विचारला होता, एवढं श्रेय मला घेऊ द्या.

त्या संध्याकाळी मला आणखी एक लक्षात आलं. या व्हिडिओंमधली माणसं करतात तरी काय? केस विंचरतात, घड्या घालतात, डोळे तपासल्याचं नाटक करतात, शिंप्यासारखी मापं घेतात. कुणीतरी आपल्याकडे निवांत लक्ष देतंय आणि बदल्यात काही मागत नाही. स्वातीच्या आयुष्यात तशी जागा कुठे होती? काउंटरला रांग, घरी मुलगी, सासूबाईंच्या गोळ्या. ती सगळ्यांकडे बघत होती, तिच्याकडे कासारमामांनंतर फक्त एका कोरियन बाईने बघितलं होतं. म्हणून अशा माणसाला मी आता 'बंद कर' म्हणत नाही. विचारते, दिवसभरात तुझा हात कोण हातात घेतं? स्वातीच्या नवऱ्याला बोलावून मी एवढंच सुचवलं, की रात्री दहा मिनिटं तिच्या केसांना तेल लावून द्या. तो लाजला. पण लावलं.

ऐकण्याचं आम्ही असं ठरवलं. व्हिडिओ एकच, आधी डाउनलोड केलेला, म्हणजे जाहिरात नाही आणि 'पुढचा कुठला' हे शोधणंही नाही. वीस मिनिटांचा टायमर. मोबाइल पालथा, बघायचं नाही, ऐकायचं. आवाज इतका बारीक, की कान द्यावा लागेल. मुंग्या आल्या तर आल्या. नाही आल्या तर वीस मिनिटं आडवं पडून टॉवेलचा आवाज ऐकला, त्यात नुकसान काय? रोज ऐकून मुंग्या बोथट होतात, हे ऐकणाऱ्या पुष्कळांचं म्हणणं आहे. अशांना मी आठवडाभर सुट्टी घ्यायला सांगते. शिक्षा म्हणून नाही, रोज पुरणपोळी खाऊ नये तसं.

वॉशरूममधलं ऐकणं मात्र बंद करायला लावलं, आणि ते सगळ्यात अवघड गेलं. यावर मी जरा हट्टी आहे. भीतीच्या गोष्टीआधी ऐकलं, की मन शिकतं, 'मी त्या आवाजामुळे वाचले.' पुढच्या वेळी आवाजाशिवाय पाऊल उचलत नाही. आधी केबिनमध्ये जा, धडधडत्या छातीने जा, बाहेर आलीस की हवं तर ऐक. पहिल्यांदा गेली तेव्हा तिचा आवाज कापत होता म्हणे. मॅनेजरला कळलंही नाही.

चौकशी करणाऱ्यांना आणखी दोन-तीन गोष्टी सांगते. मुंग्या सगळ्यांना येत नाहीत. तुम्हाला येतात म्हणून नवऱ्याच्या कानात इअरफोन कोंबू नका. काहींना तर चघळण्याचे, ओठांचे आवाज ऐकून चक्क संताप येतो, आणि तो नखरा नसतो. मुलगा साबण कापताना बघतोय याची काळजी करण्यापेक्षा तो किती वाजता झोपतो, मित्रांत जातो का, जेवतो का, हे बघा. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, धाप लागते, कशातच मन लागत नाही, अशी अवस्था असेल तर व्हिडिओवर भागवू नका, डॉक्टरांकडे जा. थायरॉइडसारखी साधी तपासणीही कधी कधी उलगडा करते. जगणं नकोसं वाटत असेल तर वाट बघू नका, त्याच क्षणी 14416 वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा चोवीस तास असते आणि मराठीतही बोलता येतं.

स्वातीची कॅश त्यानंतर एकदा दोनशेने शॉर्ट आली. तिने भरले, त्या रात्री जागीही राहिली, पण एकच रात्र. हळूहळू भेटी महिन्यातून एक झाल्या, मग थांबल्या.

श्रावणात एकदा ती सहज डोकावली. नणंदेच्या लग्नासाठी तुळशीबागेत गेली होती, तिथून थेट. दोन्ही हातांत कोपराच्या खालपर्यंत हिरव्या बांगड्या.

"मुंग्या आल्या का?" मी विचारलं.

"नाही आल्या. दुकानात कसली गर्दी! आणि भरताना एक बांगडी वाढवली."

"मग?"

"मग काय, त्यांनी दुसरी भरली."