कोडमध्ये थेट १५ किंवा १८ लिहिलं तर बिघडतं काय? आणि ‘मॅजिक नंबर’ हे नाव दोन वेगळ्या गोष्टींना का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अंधेरीतल्या एका ऑफिसात तुम्ही नव्याने लागलात, कुरियरच्या बिलांचा कोड लिहिलात आणि सीनिअरने त्यातल्या १५ आणि १८ या आकड्यांवर ‘मॅजिक नंबर’ असा शेरा मारून तो परत पाठवला. मग तुम्ही वर ‘फिफ्टीन = १५’ असा कॉन्स्टंट (एका जागी नाव देऊन ठेवलेला ठरावीक आकडा) केलात, तर तोही त्यांना चालला नाही. आणि जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या क्लास फाइलच्या (यंत्राने चालवण्यासाठी तयार केलेल्या फाइलच्या) सुरुवातीला जो ठरावीक आकडा असतो त्यालाही मॅजिक नंबरच म्हणतात, मग तो कसा चालतो?

सीनिअरचं दोन्ही वेळा बरोबर आहे. का ते माझ्या अनुभवातून सांगतो, कारण हे मी पुस्तकातून शिकलो नाही.

२०१५ साली मी मस्जिद बंदरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो. क्लिअरिंग एजंट आणि ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी आम्ही बिलिंगचे प्रोग्रॅम करायचो. सर्व्हिस टॅक्स तेव्हा १२.३६ टक्के होता. मूळ १२ टक्के आणि त्या १२ वर ३ टक्के शिक्षणाचे उपकर, म्हणून १२.३६. बजेटमध्ये दर वाढवला आणि १ जूनपासून १४ टक्के लागू झाला, उपकर त्यातच धरून. आमचं काम वरवर सोपं होतं: १२.३६ शोधायचं, १४ करायचं.

शोधल्यावर १२.३६ सात-आठ ठिकाणी सापडला. मग ०.१२३६ आठवला, तोही बदलला. टॅक्ससह एकूण रक्कम काढायला कोणी १.१२३६ ने गुणलं होतं, तेही सापडलं. एका रिपोर्टमध्ये आधी १२ टक्के, मग त्यावर २ आणि १ असं वेगवेगळं काढलं होतं; तिथे १२३६ हे आकडे सलग कुठेच नव्हते, पण रिपोर्ट छापून पाहिल्यावर लक्षात आलं. आम्ही निश्चिंत झालो.

दहा-बारा दिवसांनी एका पार्टीच्या अकाउंटंटचा फोन आला. टॅक्स धरून ठरवलेल्या बिलांवर टॅक्स कमी दिसतोय. ११,४०० रुपयांच्या बिलात १,४०० टॅक्स हवा, प्रोग्रॅम १,२५४ दाखवत होता. अर्धा दिवस गेला तेव्हा ती ओळ सापडली. तिथे लिहिलं होतं: रक्कम गुणिले ०.११.

हा ०.११ कुठून आला? १२.३६ ला ११२.३६ ने भागून पाहा. उत्तर ०.११०००३ च्या आसपास येतं. ज्याने लिहिलं त्याने कधीतरी कॅल्क्युलेटरवर हा भागाकार केला, छान गोल आकडा आला आणि त्याने तो तसाच ठेवून दिला. ११,२३६ च्या बिलावर त्यातून १,२३५.९६ येतात, रुपयात पूर्ण केले की बरोबर १,२३६. जुना दर होता तोवर चूक दिसायचं काही कारणच नव्हतं. पण त्या ०.११ च्या अंगावर ‘मी १२.३६ मधून आलो’ असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला होता.

मॅजिक नंबरचा खरा त्रास हा आहे. आकडा दिसतो, पण तो कशामुळे आहे ते दिसत नाही. त्यामुळे कारण बदललं तरी आकडा बदलायचा हे कळत नाही. म्हणूनच तुमचं ‘फिफ्टीन’ नाव नाकारलं गेलं. ते नाव आकडाच पुन्हा अक्षरांत सांगतं. तो १५ पैसे भरायच्या मुदतीचा असेल आणि उद्या ती मुदत २० दिवसांची झाली तर तुमच्या कोडमध्ये ‘फिफ्टीन = २०’ असं वाचावं लागेल.

तुमच्या कोडमधला १५ तर फारच नाजूक आहे. १५ नोव्हेंबर २०१५ पासून अर्ध्या टक्क्याचा स्वच्छ भारत उपकर आला, १ जून २०१६ पासून अर्ध्या टक्क्याचा कृषी कल्याण उपकर. सगळे मिळून १५ टक्के. आणि आमच्या बऱ्याच पार्ट्यांची उधारीची मुदतही १५ दिवसांचीच होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा एका जुन्या, दुर्लक्षित प्रोग्रॅममध्ये कोणीतरी घाईत १५ चे सरसकट १८ केले. टॅक्स बरोबर निघू लागला, पण बिलाची देय तारीख तीन दिवस पुढे गेली. महिनाभर कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तीन दिवस जास्त मिळाले म्हणून कोणती पार्टी तक्रार करणार? दोन १५ दिसायला सारखे असले तरी एक दिल्लीत ठरतो आणि दुसरा पार्टीसोबत चहा घेताना. त्यांना एकच नाव देणंसुद्धा तितकंच चूक.

आता थोडं पुढचं, जे सीनिअरने कदाचित सांगितलं नसेल. ०.११ चं प्रकरण मिटल्यावर आम्ही सगळीकडे ‘सर्व्हिस टॅक्स रेट’ असा एकच कॉन्स्टंट केला आणि खूश झालो. जुलैत एकाने मे महिन्यातलं बिल पुन्हा छापलं, तर त्यावर १४ टक्के! जुन्या बिलावर जुनाच दर हवा, नाहीतर पार्टीकडची प्रत आणि आपली प्रत जुळणार नाही. तेव्हा कळलं की टॅक्सचा दर हा कॉन्स्टंट नाहीच, ती तारखेला बांधलेली माहिती आहे. मग एक टेबल केलं: कराचं नाव, दर, कोणत्या तारखेपासून. बिलाची तारीख पाहून दर उचलायचा. नोव्हेंबरचा उपकर आला तेव्हा त्यात फक्त एक ओळ वाढली. (जीएसटीला मात्र टेबल पुरलं नाही. राज्यात ९ अधिक ९, राज्याबाहेर सरळ १८, हा हिशेबच वेगळा होता. तो कोड नव्याने लिहावा लागला.) २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे टप्पे पुन्हा बदलले, तेव्हा ज्यांच्याकडे असं टेबल होतं त्यांचं काम नक्कीच हलकं झालं असेल.

म्हणून मी आकडा दिसला की आधी विचारतो, हा ठरवला कोणी? चार अंकी कोणतीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, हेच करत राहा (उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरून चार अंक करा); जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. हे देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये दाखवलं. तो ६१७४ कोणत्याही अधिसूचनेने बदलणार नाही. त्याला नाव द्यायचं ते फक्त वाचणाऱ्याला कळावं म्हणून. कंपनीने ठरवलेला आकडा एका नावाखाली, एका जागी. सरकारने ठरवलेला टेबलात, तारखेसह. यादीची सुरुवात ० पासून किंवा मोजणीत १ मिळवणं याला मात्र नाव देत बसू नका, तिथे नावानेच गोंधळ होतो.

आणि काही आकडे मुळात आकडेच नसतात. मुंबईचा एसटीडी कोड ०२२ जावामध्ये अवतरणचिन्हांशिवाय लिहून पाहा. सुरुवातीच्या शून्यामुळे तो अष्टमान पद्धतीत (दहाऐवजी आठच्या पटीत) वाचला जातो आणि त्याची किंमत होते दोन आठ आणि दोन, म्हणजे १८. कोणतीही एरर येत नाही. तो मजकूर म्हणूनच साठवायचा.

राहिला जावाचा प्रश्न. तो मॅजिक नंबर म्हणजे फाइलची ओळखखूण. फाइलच्या नावातलं शेपूट कोणीही बदलू शकतं, म्हणून प्रोग्रॅम आतले पहिले काही बाइट (एक बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा) पाहतो. झिप फाइल ‘पी’ आणि ‘के’ या अक्षरांनी सुरू होते, ती झिप फाइलचा प्रकार बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. जावाच्या क्लास फाइलचे पहिले चार बाइट सोळामान पद्धतीत (यात ९ नंतर ए ते एफ ही अक्षरंही अंक असतात) वाचले तर ‘कॅफे बेब’ असे शब्द दिसतात. ही प्रथा युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममधून आली. तिथे प्रोग्रॅमच्या फाइलचा पहिला शब्द अष्टमानातला ४०७ असायचा, आणि तो पीडीपी-११ यंत्रासाठी खरोखरचा हुकूम होता: पुढचा मथळा (फाइलच्या सुरुवातीची माहिती) ओलांडून उडी मार. नंतर हुकुमाची गरज संपली, खूण राहिली.

मला यातली सर्वांत देखणी वाटते ती पीएनजी चित्राची खूण. आठ बाइट: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधले ८०, ७८, ७१ म्हणजे पी, एन, जी ही अक्षरं. बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे ० किंवा १ च्या आठ जागा असतात; १२७ पर्यंत सात पुरतात, १३७ ला आठवा बिट लागतो. फाइल सातच बिट नेणाऱ्या वाटेने गेली तर तो बिट गळतो आणि फाइल बिघडल्याचं पहिल्याच बाइटला कळतं. १३ आणि १० ही विंडोजची ओळ संपल्याची जोडी, शेवटचा एकटा १० युनिक्सचा. वाटेत कोणी मजकूर समजून ओळींचे शेवट बदलले तर यांपैकी एक तरी बिघडतो. २६ मुळे विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये फाइल चुकून मजकूर म्हणून पडद्यावर दाखवायला घेतली तर ते दाखवणं तिथेच थांबतं. कोडमध्ये हे आठ आकडे तसेच लिहायला माझी काहीच हरकत नाही, कारण प्रत्येकाचं कारण पीएनजीच्या मानकात लिहिलेलं आहे आणि ते बदलणार नाहीत. फक्त त्यांना ‘पीएनजी सिग्नेचर’ असं एक नाव द्या.

आता तुमचा कोड. १५ चे दोन अर्थ आहेत का ते अकाउंट्सवाल्यांना विचारून दोन नावं करा, १८ टेबलात हलवा. आणि शोधताना फक्त १८ शोधू नका. ९ शोधा, ०.१८ आणि १.१८ शोधा, आणि ०.१५२५ व ०.८४७५ हेही शोधा. १८ भागिले ११८ आणि १०० भागिले ११८ यांची ती उत्तरं आहेत, आणि कॅल्क्युलेटर सगळ्यांकडेच असतो.